तात्पुरत्या जमिनीवरचा पिकलबॉल

हो ची मिन्ह सिटीच्या पूर्वेला, सायगाव नदीपलीकडच्या थू डक भागात, पत्र्याचे कुंपण घालून रिकामे पडलेले कितीतरी भूखंड आता संध्याकाळी सहा वाजले की दिव्यांनी उजळतात. आत निळ्या-हिरव्या रंगाची चार, सहा, कधी बारा कोर्टे, कडेला प्लास्टिकच्या खुर्च्या, थंड पाण्याचा फ्रिज आणि पैसे भरण्यासाठी क्यूआर कोड. हनोईत आणि दा नांगमध्येही हेच दिसते. अमेरिकेतल्या बेनब्रिज बेटावर १९६५ च्या उन्हाळ्यात तिघा मित्रांनी घरच्या मंडळींचा वेळ जावा म्हणून जुळवलेला पिकलबॉल व्हिएतनाममध्ये दोन-तीन वर्षांत असा पसरला की जुन्या खेळांच्या जागाही त्याने घेतल्या. वर्षानुवर्षे देशाचा अव्वल टेनिसपटू राहिलेला ली होआंग नाम, म्हणजे २०१५ मध्ये आपल्या सुमित नागलबरोबर विम्बल्डनच्या मुलांच्या दुहेरीचे विजेतेपद मिळवणारा खेळाडू, टेनिस सोडून पिकलबॉलकडे वळला, तेव्हा हा केवळ हौशी लोकांचा नाद नाही हे सगळ्यांच्याच लक्षात आले.

त्याबरोबर तक्रारीही आल्या. पहाटे पाचला सुरू होणारी आणि रात्री दहा-अकरापर्यंत चालणारी टकटक, खिडकीत शिरणारा दिव्यांचा झोत, गल्लीत अडकलेल्या मोटारसायकली. यावर सरकारी उत्तर ठरलेले आहे. तपासणीची मोहीम निघते, परवाना नसलेल्या कोर्टांना नोटिसा लागतात, थोडे दिवस शांत जातात आणि मग दिवे पुन्हा लागतात. या भांडणात दोन्ही बाजू बरोबर आहेत आणि उत्तर तेवढे चुकीचे आहे, असे माझे ठाम मत आहे. त्रास खेळामुळे होतो त्यापेक्षा कितीतरी जास्त तो खेळ तात्पुरत्या जमिनीवर, तात्पुरत्या बुद्धीने उभा केल्यामुळे होतो. व्हिएतनामने पिकलबॉलला हाकलण्याच्या मोहिमा थांबवाव्यात आणि त्याला कायमची, पण अटींनी बांधलेली जागा द्यावी.

हा खेळ इथेच इतका का रुजला, ते आधी पाहू. पिकलबॉलचे कोर्ट २० फूट रुंद आणि ४४ फूट लांब असते, म्हणजे बॅडमिंटनच्या दुहेरीच्या कोर्टाएवढेच. व्हिएतनाममध्ये बॅडमिंटन बागांत, कारखान्यांच्या आवारात, फुटपाथवरही खेळला जातो. ज्यांच्या मनगटात बॅडमिंटन आहे त्यांना पॅडल, म्हणजे या खेळाची बिनतारांची बॅट, हातात घेतल्यावर तासाभरात रॅली जमते. नेट दोन्ही कडांना ३६ इंच आणि मध्यभागी ३४ इंच, म्हणजे कमरेइतके. सर्व्हिस खालून करायची, त्यामुळे टेनिससारखी सर्व्हिस घोटवण्यात महिने जात नाहीत. नेटच्या दोन्ही बाजूंना सात-सात फुटांचा पट्टा, ज्याला खेळाडू किचन म्हणतात, तिथे उभे राहून चेंडू हवेतल्या हवेत मारता येत नाही. या एका नियमामुळे ताकदवान तरुणाला नेटवर चढून समोरच्याला चिरडता येत नाही आणि साठीतली बाई चोवीस वर्षांच्या मुलासमोर टिकते. व्हिएतनाममध्ये साठीच्या पुढच्या माणसांची संख्या आता १ कोटी ४० लाखांहून जास्त आहे आणि हा देश झपाट्याने म्हातारा होतो आहे. आजी, सून आणि नातू एकाच कोर्टावर खऱ्याखुऱ्या चुरशीने खेळू शकतील असे खेळ फार नाहीत. म्हणून बंदीची भाषा मला मुळातच पटत नाही.

आता जागेचा हिशेब. कोर्टाभोवती धावायला मोकळी जागा धरून एका पिकलबॉल कोर्टाला किमान ३० फूट बाय ६० फूट लागतात. टेनिसच्या एका कोर्टाची कुंपणापर्यंतची जागा ६० बाय १२० फूट. तिच्यात पिकलबॉलची चार कोर्टे बसतात. चार टेनिसपटूंच्या जागी सोळा जण खेळतात आणि एका भाड्याच्या जागी चार भाडी येतात. व्हिएतनामच्या शहरांत ठिकठिकाणी असलेली पाच-पाच जणांच्या फुटबॉलची कृत्रिम गवताची मैदाने साधारण २० मीटर बाय ४० मीटर असतात. त्यांच्यावरही आडवी चार कोर्टे बसतात. कोर्टाचे भाडे जागेप्रमाणे आणि वेळेप्रमाणे तासाला साधारण एक ते अडीच लाख डोंग, म्हणजे आपले सव्वातीनशे ते आठ-साडेआठशे रुपये. चौघांत वाटले की ते कचेरीत काम करणाऱ्याला जड जात नाही, आणि मालकाला मात्र त्याच जमिनीतून पूर्वीपेक्षा बरेच जास्त मिळते. या आकड्यांपुढे टेनिस टिकत नाही आणि मुलांचा फुटबॉलही टिकत नाही.

रिकाम्या भूखंडांचे कारण वेगळे. २०२२ च्या अखेरीस व्हिएतनामचा बांधकाम व्यवसाय कर्जरोख्यांच्या घोटाळ्यांत आणि पैशाच्या टंचाईत अडकला. असंख्य प्रकल्प थांबले. जमिनी ताब्यात होत्या, बांधायला पैसा नव्हता. अशा मालकाला दोन-तीन वर्षांसाठी कोणी भाडे देणारा भेटला तर तो हवाच असतो, फक्त करारात एक अट असते: प्रकल्प सुरू झाला की जागा सोडायची. शेतजमिनीवरच्या कोर्टांची गोष्टही अशीच, फरक इतकाच की तिथे नोटीस मालकाऐवजी सरकारची येते. कोर्ट चालवणाऱ्याला ठाऊक असते की आपल्या हातात फार तर तीन पावसाळे आहेत. सगळा त्रास या एका गोष्टीतून सुरू होतो, कारण तीन पावसाळ्यांसाठी कोणीही आवाज अडवणारी भिंत बांधत नाही.

चांगले कोर्ट कसे बांधतात ते माहीत असले की काय काय वगळले जाते ते कळते. आधी माती दाबून घ्यायची. हो ची मिन्ह सिटीची जमीन सखल आणि मऊ आहे, भरतीचे पाणी काही वस्त्यांत रस्त्यावर येते, त्यामुळे भराव नीट दाबला नाही तर काँक्रीट वर्षभरात एका कोपऱ्यात खचते. मग खडीचा थर, त्यावर जाड प्लास्टिकचा कागद, त्यावर जाळी घालून दहा-बारा सेंटीमीटर काँक्रीट. पाणी वाहून जावे म्हणून सगळ्या पृष्ठभागाला एकाच दिशेने शंभराला एक इतका उतार. काँक्रीटला अठ्ठावीस दिवस द्यायचे आणि मग ॲक्रिलिकचे थर चढवायचे. आधी भर घालणारा थर, त्यावर बारीक वाळू मिसळलेले रंगाचे दोन हात, शेवटी दोन इंच रुंदीच्या पांढऱ्या रेषा. घाईच्या कोर्टात प्लास्टिकचा कागद घालत नाहीत आणि दहाव्या दिवशी रंग मारतात. जमिनीतली ओल वाफ होऊन वर येते, रंगाला फोड येतात, सोलपटे निघतात. उतार चुकला तर पावसानंतर पाण्याची तळी साचतात आणि शेवाळ धरते. चाळिशी-पन्नाशीतले खेळाडू नेमके तिथे घसरतात.

मोकळ्या जागेतही काटछाट होते. ६० फुटांऐवजी ५२ फुटांत कोर्ट बसवले की बेसलाइनच्या मागे जेमतेम चार फूट उरतात. डोक्यावरून गेलेला लॉब गाठायला माणूस उलटा धावतो आणि कुंपणावर आदळतो किंवा हात मागे टेकून पडतो. मनगटाचे हाड मोडण्याचा हा अगदी ठरलेला प्रकार आहे. शेजारच्या कोर्टातून घरंगळत आलेला चेंडू पायाखाली येण्याचा धोकाही दाटीवाटीत वाढतो. हे सगळे खेळणाऱ्याच्या अंगावर येते, म्हणून निदान त्याबद्दल तो मालकाशी भांडू शकतो. आवाजाचे तसे नाही. तो करारात कुठेच नसलेल्या शेजाऱ्याच्या अंगावर येतो.

हा आवाज येतो कुठून? चेंडू कडक प्लास्टिकचा, पोकळ, भोके पाडलेला, वजन २२ ते साडेसव्वीस ग्रॅम. पॅडलचा गाभा मधमाशीच्या पोळ्यासारख्या प्लास्टिकच्या जाळीचा, साधारण १४ ते १६ मिलिमीटर जाड, वर कार्बन किंवा काचतंतूची कडक पातळ कातडी. टेनिसच्या तारा आणि लोकरीचा चेंडू एकमेकांत थोडे रुततात. इथे दोन कडक पृष्ठभाग काही मिलिसेकंद भेटतात आणि टक्क असा आवाज निघतो, ज्याची वारंवारता साधारण १,००० ते १,२०० हर्ट्झ असते. माणसाचा कान ज्या पट्ट्यात तल्लख असतो त्यातच ती बसते. कोर्टापासून ३० मीटरवर अशा एका फटक्याचा आवाज ७० डेसिबलच्या आसपास धरला जातो. मध्ये आडोसा नसेल तर अंतर दुप्पट झाले की तो सहा डेसिबलने उतरतो: ६० मीटरवर ६४, १२० मीटरवर ५८.

संख्येचा अंदाजही करून पाहू. तासातला निम्मा वेळ चेंडू उचलण्यात, गुण सांगण्यात आणि बाजू बदलण्यात गेला, आणि उरलेल्या अर्ध्या तासात दर दोन सेकंदांना एक फटका बसला असे धरू. एका कोर्टावर तासाला ९०० फटके. चार कोर्टांवर ३,६००, म्हणजे सेकंदाला एक. पण घड्याळाच्या टिकटिकीसारखा एकसारखा नाही. कधी तीन फटके लागोपाठ, कधी पाच सेकंद शांतता, मग एक जोराचा स्मॅश. मेंदूला अशा आवाजाची सवय होत नाही. हो ची मिन्ह सिटी आधीच मोटारसायकलींच्या गोंगाटात बुडालेली आहे, तिथे या टकटकीचे काय एवढे, असे कोर्टवाले विचारतात. वाहनांचा आवाज सलग आणि खर्जातला असतो, तो मागे पडून विसरला जातो. हा आवाज त्या गोंगाटाच्या वर, ठळक आणि अनियमित येतो. त्रास होणारे लोक नाजूक नाहीत, आवाजच वेगळ्या जातीचा आहे.

इथे कायद्याचे माप तोकडे पडते. आवाजाबद्दलच्या २०१० च्या राष्ट्रीय मानकात सर्वसाधारण वस्तीला सकाळी ६ ते रात्री ९ पर्यंत ७० डेसिबल आणि रात्री ९ ते सकाळी ६ पर्यंत ५५ डेसिबल अशी मर्यादा घातली गेली. रुग्णालये, शाळा, प्रार्थनास्थळे यांच्या परिसराला ५५ आणि ४५. मोजणी मात्र काही काळाच्या सरासरीची. सेकंदाला एक या गतीने ७० डेसिबलचे क्षणिक फटके बसले, तर सरासरी माझ्या हिशेबाने साठच्या आसपास येते. म्हणजे कोर्टापासून ३० मीटरवर, दिवसभर आणि संध्याकाळी नऊपर्यंत, कोर्ट कायद्यात दहा डेसिबलने आरामात बसते. मीटर घेऊन आलेला अधिकारी प्रामाणिक असला तरी तो शेजाऱ्याला सांगणार की सगळे ठीक आहे. शेजाऱ्याला हा अपमान वाटतो, आणि भांडण कोर्टाच्या गेटवर जाते. सरासरीबरोबर एकेका फटक्याचा कमाल आवाज आणि तासातली फटक्यांची संख्या मोजली नाही, तर कितीही मीटर आणले तरी फरक पडणार नाही.

जिथे नियम मोडलेला सिद्ध होतो तिथे दंडही लागत नाही असा लागतो. २०२१ च्या १४४ क्रमांकाच्या आदेशात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत गोंगाट करणाऱ्याला ५ लाख ते १० लाख डोंग दंड ठरवला होता, म्हणजे साधारण सतराशे ते साडेतीन हजार रुपये. दोन लाख डोंग भाड्याच्या चार कोर्टांची एका तासाची कमाई आठ लाख डोंग होते. दंड भरून खेळ चालू ठेवणे हा मालकाच्या दृष्टीने शहाणपणाचा व्यवहार ठरतो. कराओकेच्या चाकांवरच्या स्पीकरांबाबत हो ची मिन्ह सिटीने २०२१ मध्ये मोठी मोहीम काढली होती. आवाज त्या त्या रात्री थांबला, प्रश्न थांबला नाही. कराओकेचा स्पीकर निदान उचलून नेता येतो. कोर्ट तिथेच राहते.

वेळेची अडचण या देशाच्या हवेतून आलेली आहे. अमेरिकेत निवृत्त माणसे सकाळी दहाला खेळतात. सायगावात, म्हणजे हो ची मिन्ह सिटीत, मार्च ते मे दुपारी पारा पस्तिशीच्या पुढे जातो, हनोईच्या जून-जुलैत त्याहूनही वर. उघड्या कोर्टाचा रंगवलेला पृष्ठभाग बुटांतून चटका देतो, चेंडू मऊ पडून त्याची उसळी बिघडते. म्हणून खेळ पहाटे पाच ते सात आणि संध्याकाळी सहा ते रात्री दहा या वेळांत एकवटतो. लोक घरात असतात, मुले अभ्यास करतात किंवा झोपतात त्याच या वेळा. पहाटे पाच ते सहा हा तास तर आवाजाच्या मानकातही रात्रीत मोडतो आणि दंडाच्या आदेशातही. तरी सर्वांत कमी कारवाई त्याच तासावर होते, कारण पहाटे व्यायाम करणे ही इथली जुनी आणि मानाची सवय आहे. बागेत ताई-ची करणाऱ्यांचा कोणाला त्रास नव्हता, म्हणून त्या तासाकडे कोणी पाहिले नाही.

घरांची रचनाही ध्यानात घ्या. चार मीटर रुंद, पंधरा-वीस मीटर खोल, तीन-चार मजली घरे एकमेकांना चिकटून उभी. वारा खेळावा म्हणून खिडक्या उघड्या, जिन्यावर हवेचा चौक, भिंतीत भोकांच्या विटा. बंद खिडकी आवाज पंचवीस डेसिबलपर्यंत अडवते, उघडी खिडकी दहाच्या आसपास. शेजाऱ्याला खिडकी लावून घ्या म्हणणे म्हणजे त्याने एसी विकत घ्यावा आणि विजेचे बिल भरावे असे सांगणे आहे. उंच इमारतींचे गणित तर उलटेच. कोर्टाच्या कडेला तीन मीटरची भिंत उभारली तर पहिल्या मजल्यावरच्या माणसाला चांगला फरक पडतो. दहाव्या मजल्यावरच्या बाल्कनीतून मात्र कोर्ट थेट दिसते, आणि जे दिसते त्याचा आवाज पोचतो. हिरव्या जाळीने काहीच अडत नाही, ती वाऱ्यासाठी आणि चेंडूसाठी असते. आवाज अडवायला दर चौरस मीटरला निदान पाच किलो वजनाचा, फटी नसलेला पडदा लागतो. पावसासाठी वर नुसता पत्रा टाकला आणि बाजू उघड्या ठेवल्या, तर तो पत्रा आवाज आडवा फेकतो आणि काही घरांना आधीपेक्षा जास्त ऐकू येते. छताखाली आवाज शोषणारा थर आणि घरांच्या बाजूला बंद भिंत, या दोन गोष्टी असल्या तरच छताचा उपयोग.

म्हणजे तोडगे आहेत. ते पैसे मागतात आणि पैसा मुदत मागतो. म्हणून परवान्याची मुदत हे माझ्या मते पहिले पाऊल. १ ऑगस्ट २०२४ पासून लागू झालेल्या जमीन कायद्यात जमिनीचा मुख्य हेतू कायम ठेवून जोडीला दुसरा वापर करण्याची तरतूद आहे. तिच्या आधाराने शहरांनी कोर्टांना निदान पाच वर्षांचा परवाना द्यावा, आणि ज्या जमिनीवर मालक पाच वर्षांची हमी देऊ शकत नाही तिथे उघडे कोर्ट होऊच देऊ नये. मुदत मिळाली की भिंतीचा, छताचा आणि चांगल्या पायाचा खर्च वसूल होतो, बँकही कर्जाचा विचार करते. त्या बदल्यात अटी कडक असाव्यात. घराच्या भिंतीपासून ३० मीटरच्या आत उघडे कोर्ट नको, तिथे फक्त बंद इमारत. ३० ते १०० मीटरमध्ये घरांच्या बाजूला भिंत आणि शोषक छत हवेच. त्यापलीकडे उघडे चालेल. हे आकडे मी सुचवतो आहे ते दुप्पट अंतराला सहा डेसिबल या हिशेबावरून. प्रत्यक्ष जागेवर मोजून ते कमी-जास्त करता येतील. दिव्यांना खाली वळलेली झापडे आणि ठरल्या वेळी आपोआप बंद होणारे घड्याळ, हे तर आजच्या आज करता येण्यासारखे आहे.

वेळ सकाळी सहाच्या आधी नको आणि वस्तीत रात्री नऊनंतर नको. कोर्टवाल्यांना हे मान्य होणार नाही, कारण रात्री नऊ ते अकरा ही त्यांची हमखास भरणारी वेळ आहे. नऊनंतर खेळायचेच असेल तर मऊ फोमचे चेंडू आणि शांत पॅडल एवढ्यावरच परवानगी असावी. अमेरिकेच्या पिकलबॉल संघटनेने कमी आवाजाच्या साधनांचा स्वतंत्र वर्ग केलेला आहे, त्यातले पॅडल नेहमीच्या पॅडलच्या निम्म्याहून कमी आवाज करते असे धरले जाते. फोमच्या चेंडूने खेळ मंदावतो, डिंकला, म्हणजे नेटवरून अलगद टाकायच्या फटक्याला, हात जड लागतो, स्पर्धेची तयारी त्यावर होत नाही, हे खरे आहे. पण रात्री साडेनऊला खेळणाऱ्या बहुतेकांना घाम गाळायचा असतो आणि मित्रांना भेटायचे असते. त्यांना तो चेंडू चालेल.

तक्रार कोणी ऐकायची, हा भाग जितका कंटाळवाणा तितकाच निर्णायक आहे. १ जुलै २०२५ पासून व्हिएतनामने जिल्हा पातळीचे प्रशासन काढून टाकले. प्रांत, म्हणजे प्रांताचा दर्जा असलेली मोठी शहरे धरून, ६३ वरून ३४ झाले, आणि प्रांताच्या खाली थेट वॉर्ड किंवा कम्यून. थू डक हे स्वतंत्र शहर होते, तेही त्यात विरले. आता कोर्टाची तक्रार वॉर्डच्या कार्यालयात येते आणि जमीन, बांधकाम, आवाज, वाहने हे चारही प्रश्न त्याच टेबलावर पडतात. प्रत्येक वॉर्डला ध्वनितज्ज्ञ देणे शक्य नाही. प्रांताने दोन-तीन फिरती पथके ठेवावीत, त्यांनी परवान्याच्या आधी एकदा आणि कोर्ट भरलेले असताना संध्याकाळी एकदा, शेजाऱ्याच्या खिडकीत मीटर ठेवून मोजावे, आणि तो आकडा कोर्टाच्या गेटवर लावावा. दंड कोर्टाच्या तासाच्या कमाईच्या पटीत असावा आणि तिसऱ्या वेळी परवाना जावा. परवाना मौल्यवान असला तरच तो जाण्याची भीती वाटते. तीन पावसाळ्यांच्या करारात गमावण्यासारखे काहीच नसते.

ही लाट आहे, ओसरेल, तिच्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असा आक्षेप येईल. ओसरेलही कदाचित. पण आज ठरवलेली अंतरे आणि मोजण्याची पद्धत बॅडमिंटनला, बास्केटबॉलला, पुढे येणाऱ्या कुठल्याही खेळाला लागू पडेल. नीट बांधलेले कोर्ट वायाही जात नाही. माप तेच असल्यामुळे नेट पाच फुटांवर चढवले की ते बॅडमिंटनचे होते. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. अटी वाढल्या की भाडे वाढेल आणि खेळ पुन्हा पैसेवाल्यांचा होईल. हे होईल, आणि त्यावर उपाय खासगी कोर्टांना मोकळे सोडणे हा नाही. बागांत आणि कामगार वसाहतींत बॅडमिंटनची जी सार्वजनिक कोर्टे आधीच आहेत, त्यांच्यावर दुसऱ्या रंगाच्या रेषा आखायला आणि हलवता येणारे नेट ठेवायला फार खर्च येत नाही. किचनच्या दोन रेषा आणि मधल्या दोन, एवढेच काम. तिथे तासाचे भाडे नको, पाळी लावा: अकरा गुणांचा एक डाव, जिंकणारा असो की हरणारा, चौघेही बाहेर.

मराठी वाचकाला यातले बरेच ओळखीचे वाटेल. भारतात हा खेळ रुजवला तो मुंबईच्या सुनील वालावलकरांनी. अखिल भारतीय संघटना २००८ साली मुंबईतच उभी राहिली, आणि आज मुंबई-पुण्यात सोसायटीच्या बॅडमिंटन कोर्टांवर पिकलबॉलच्या रेषा चढताना दिसतात. आपल्याकडे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा आहे, व्हिएतनामपेक्षा कितीतरी कडक. पण तीही सरासरीच, तेव्हा टकटकीच्या बाबतीत तीच त्रुटी इथेही आहे. आपली घरेही उघड्या खिडक्यांची आणि आपले खेळही पहाटे-संध्याकाळचे. अमेरिकेतल्या मोठ्या अंगणांच्या उपनगरांवरून काढलेली अनुमाने मुंबईला उपयोगी नाहीत. सायगावचा अनुभव उपयोगी आहे.

शेवटी एक गोष्ट अशी की जिथे मी कुठलीही तडजोड सुचवणार नाही. फुटबॉलचे मैदान उखडून पिकलबॉल करणे थांबवले पाहिजे. टेनिसच्या एका कोर्टाची चार कोर्टे झाली तर पृष्ठभाग तोच राहतो, उद्या परत फिरता येते. कृत्रिम गवत काढून काँक्रीट ओतले की ते मैदान गेले. तिथे खेळणारी दहा-बारा वर्षांची मुले तासाला दोन लाख डोंगांची बोली लावू शकत नाहीत, त्यांच्या बाजूने बाजारात कोणी उभे नाही. दा नांग असो की हनोई, प्रत्येक शहराने आपल्या वॉर्डातल्या फुटबॉल मैदानांची यादी करावी आणि तिथला वापर बदलण्यासाठी वॉर्डची नव्हे तर प्रांताची मंजुरी लागेल असा नियम करावा. मंजुरी मागणाऱ्याने एक किलोमीटरच्या आत तेवढेच दुसरे मैदान आधी तयार करून दाखवावे, आणि ते मुलांना शाळा सुटल्यावर रोज किती वाजेपर्यंत मोफत उघडे राहील तेही त्याच कागदावर लिहून द्यावे.